गाडी खाली आहे

कृष्णराजनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर परवा कुळीथ पसरलेला दिसला. अर्ध्या डांबरावर सुकलेल्या वेलींचा जाड थर होता आणि कडेला डोक्यावर टॉवेल घेतलेल्या दोन बाया उभ्या होत्या. गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, मळणी होते. मी सवयीने गाडी बाजूला घेऊ लागलो तर त्यांतली एक हात हलवून ओरडली, टाळू नका, वरून जा. वरून गेलो. चाकांखाली तडतड झाली, बारीक, लाह्या फुटल्यासारखी.

म्हणजे सुग्गी आली. सुगीला इकडे सुग्गी म्हणतात. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरतो, त्यामुळे एका जास्तीच्या 'ग'कडे माझं लक्ष जातंच. मैसुरात या दिवसांत बाजारात अवरेकाळूचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. त्यांच्या सालींना एक उग्र, तेलकट वास असतो. मी राहतो त्या गोकुलमात सकाळी काखेत चटया मारून योगाला निघालेले परदेशी लोक त्या ढिगांना वळसा घालून जातात आणि इथल्या बायका मात्र शेंग नाकाला लावूनच घेतात. वास नसेल तर ती धुक्यात वाढलेली नाही, म्हणून परत टाकतात.

दोन वर्षांपूर्वीच्या सुग्गीत मला हा वास आला नव्हता. शेंगा घरात होत्या, मी त्या सोलल्याही होत्या. वास आला नाही एवढंच.

त्या वर्षी सप्टेंबरात वृंदा गेली. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होती आणि गेली. तिच्याविषयी मला जास्त लिहिता येणार नाही. माझी बायको, वीस वर्षांपूर्वी माझ्याबरोबर सांगलीहून इथे आली, कडकोळच्या एका कारखान्यात नोकरीला लागली, बारा वर्षांनी ती सोडली आणि कृष्णराजनगरजवळ पुट्टम्मा नावाच्या बाईबरोबर तिच्या दोन एकरांत राजमुडी लावू लागली. राजमुडी हा इथला जुना लालसर तांदूळ. गोकुलमातले परदेशी लोक तो आवडीने घेत. त्यासाठी तिने एक जुना पांढरा पिकअप घेतला होता. चालवायची तीच. मी शेजारी बसून मुद्रितं मांडीवर धरी आणि दर खड्ड्याला माझी एक दुरुस्ती वाकडी होई.

डिसेंबर लागला आणि पुट्टम्माचा फोन आला. पुट्टम्मा साठीच्या आतबाहेरची, नवरा नाही, मुलगी हासनला दिलेली. ती कन्नडच बोलते. मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहितो, पण त्यातला ठसका मराठीत येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

"यजमानरे," ती म्हणाली. ती मला नावाने हाक मारत नाही. वृंदाचा नवरा म्हणून मी यजमान. "भात कापून झालं, झोडून झालं. पंचेचाळीस पोती खळ्यावर आहेत. वृंदम्माने लावलेलं आहे. गाडी आणता का मी पाण्यात सोडू?"

पाण्यात सोडू हे नुसतं बोलणं नव्हतं. बंगालच्या उपसागरात काही झालं की आमच्याकडे ऐन सुग्गीत आभाळ येतं. झोडलेलं भात एकदा भिजलं की कोंब येतात. त्याला व्यापारी हात लावत नाही, बियाण्यालाही ते उपयोगाचं राहत नाही. पुट्टम्माचं वर्ष त्या पंचेचाळीस पोत्यांत होतं.

अडचण कालव्याची होती. शेत कालव्यापलीकडे मैलभर आत. कालव्यावर एक अरुंद फरशी आहे, तिच्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली वळत नाही, पिकअप मात्र जातो. पण त्या उन्हाळ्यात कालव्याची दुरुस्ती झाली आणि काठाला काँक्रीटचा नवा उंचवटा आला. गाडी भरली की तिचं पोट त्या उंचवट्यावर घासे. गाडी उचलून घ्यायला हवी, असं वृंदा जूनपासून म्हणत होती.

एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिने मला ते समजावून सांगितलं होतं. शब्दकोशाचे दोन खंड उभे केले, वर माझी स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मध्ये बोटाने दाबली. हे पाटे, ती म्हणाली, मागच्या चाकांवर एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, गाडीचा सगळा भार यांच्यावर. उंची वाढवायच्या दोन-तीन रीती आहेत. टायरचंही तसंच, हे घेतले तर असं होतं, ते घेतले तर तसं. मग म्हणाली, "मी ठरवलंय." आणि काय ठरवलं तेही सांगितलं.

माझ्यासमोर सातवीचा भूगोल होता. कालव्याच्या व्याख्येत एक वेलांटी चुकलेली होती.

"हं," मी म्हणालो.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

त्या वेलांटीची दुरुस्ती मला अजून आठवते. पान, ओळ, सगळं.

पुट्टम्माच्या फोननंतर मी गाडीतले कागद पाहिले, तिचा फोन पाहिला. कुठेच काही नव्हतं. तिने ते मला सांगितलं होतं आणि सांगितलं म्हणून लिहून ठेवलं नव्हतं.

त्या दिवसांत मला दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. दाढ काढल्यावर जीभ ओठाला लागते आणि ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं होतं. चहा प्यालो की नाही हे कप पाहून कळे. लोक भेटायला येत, मी त्यांना पाणी देई, ते रडत, मी पाहत बसे. एका ओळखीच्या बाई जाताना म्हणाल्या, "तुम्ही फार धीराचे." मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि परत आल्यावर तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

गॅरेज कडकोळच्या अलीकडे, नंजनगूड रस्त्यावर. नंजुंडप्पा नावाच्या मिस्त्रीचं. वृंदा कारखान्यात होती तेव्हापासून त्याच्याकडे जाई. शेजारच्या गाळ्यात पांडुरंगराव बसतात. गाड्यांच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवतात. पिढ्यान्‌पिढ्या मैसुरातलं मराठी घर, मूळचे शिंपी. वृंदाला ते अक्का म्हणत, म्हणून मी भावजी.

"कपडे शिवायचे आजोबा," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "आता मानसं रेडिमेड घालतात. गाड्या अजून शिवून घालतात. सुम्ने गप बसन्यापरीस हे बरं." सुम्ने म्हणजे उगाच, नुसतंच.

माझं कन्नड वाचण्याचं आहे. वर्तमानपत्र वाचतो, वाङ्मयही थोडंफार वाचतो, पण मिस्त्रीपुढे तोंड उघडलं की अभंग म्हटल्यासारखं बाहेर येतं. नंजुंडप्पा मला दोनदा हसला, मग त्याने पांडुरंगरावांना हाक मारली. मीही सुटल्यासारखा त्यांच्याकडे वळलो. आपल्या भाषेचं माणूस मध्ये आलं की बरं वाटतं.

गाडी उंच करायची एवढं मी सांगून झालं होतं आणि ती मधोमध उभी होती. नंजुंडप्पा वाकून खाली पाहत होता. त्याने काहीतरी विचारलं आणि पांडुरंगरावांनी मला विचारलं, "भावजी, गाडी खालीच असती न्हवं?"

"हो," मी म्हणालो, "फारच खाली आहे. म्हणून तर आलो."

पांडुरंगरावांनी ते नंजुंडप्पाला सांगितलं. तो उठून उभा राहिला. त्याने मागच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "अय्यो पापा" असं पुटपुटला. अरेरे, बिचारा. हे कशाबद्दल ते मला कळलं नाही. त्या दिवसांत लोक माझ्याकडे पाहून असं काही ना काही म्हणतच असत.

मग त्याने काय काय करणार ते सांगितलं आणि मी मान हलवली. मागच्या पाट्यांना लांब झुलते लावणार, त्यांना तो शॅकल म्हणत होता. त्याने मागची बाजू उचलली जाईल. पुढच्या चाकांचा भार पेलणारा बार थोडा पिळणार, म्हणजे पुढूनही वर येईल. मागचा एक पाटा काढणार. टायर होते तसेच बरे, असं म्हणाला. पाटा काढणार म्हणतो तेव्हा विचारायला हवं होतं. उंची वाढवायची तर पाटा काढायचा कशाला? पण मला वाटलं असंच असेल. वृंदाने हेच ठरवलं असेल, असंही वाटलं. तिची निवड आपोआप आपल्या हातून होते आहे, अशी कसलीशी कल्पना मी करून घेतली.

गाडी हातात आली तेव्हा खरोखर उंच दिसत होती आणि इतकी मऊ चालत होती की पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर ठेवलेली मुद्रितं घसरली नाहीत.

पहिल्या खेपेला पंधरा पोती भरली. भरता भरताच गाडी बसत गेली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. पुट्टम्मा वर चढून पोती लावत होती, तिथूनच म्हणाली, "यजमानरे, ही म्हैस आहे का? पाण्यात उतरल्यासारखी बसते आहे." कालव्याच्या उंचवट्यावर पुढची चाकं गेली आणि पोट टेकलं. असा आवाज झाला की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. मागची चाकं जागच्या जागी फिरली. खालून धुराची नळी निसटून लोंबू लागली.

शेजारच्या शेतातले चार गडी आले. त्यांनी पोती एकेक करून उतरवली, फरशी ओलांडून पलीकडे नेली, रिकामी गाडी ढकलून काढली आणि पुन्हा भरली. दुपार झाली. ते शिव्या देत नव्हते, पण उद्या येणार का विचारल्यावर त्यांच्यातला एक हसला. त्यांची स्वतःची कापणी उभी होती. उरलेली तीस पोती खळ्यावर ताडपत्रीखाली राहिली. पूर्वेकडे आभाळ राखेच्या रंगाचं झालेलं होतं.

"वृंदम्मा असती," पुट्टम्मा म्हणाली आणि तिथेच थांबली. मग ताडपत्रीच्या कोपऱ्यावर दगड ठेवत म्हणाली, "पुस्तकं वाचणाऱ्यांना वाटतं पोत्यात कापूस असतो."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी लोंबणारी नळी तारेने बांधली, मैसुरात पोती उतरवली आणि पोटाखालून घसर घसर आवाज काढत सरळ गॅरेजवर गेलो.

पांडुरंगराव गाडी पाहून दुकानातून अनवाणीच बाहेर आले. "आता काय झालं, भावजी?"

"पोती भरली. पुन्हा टेकली."

"पोती?" ते म्हणाले. "तुमी तर म्हनलात गाडी खाली असती."

"खालीच होती ना! म्हणून तर उचलायला दिली."

ते गाडीच्या मागे गेले. मग हौद्याच्या फळीवर हाताने दोनदा थापटलं. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आवाज आला. "खाली," ते म्हणाले. "हे. असं. खाली."

तेव्हा मला कळलं. त्यांच्या घरच्या मराठीत खाली म्हणजे रिकामी. कन्नडातही तेच, हिंदीतही तेच, आणि हा अर्थ मला माहीत नव्हता असं मुळीच नाही. पण ते मराठीत बोलत होते, आणि मराठीत खाली म्हटल्यावर मी वर-खाली एवढंच ऐकलं. ते कन्नडात बोलले असते तर मी सावध राहिलो असतो, शब्द तपासून घेतला असता. आपली भाषा समजून मी कान सैल सोडला. गाडी रिकामीच फिरते ना, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो, फारच रिकामी, म्हणून तर आलो, असं सांगितलं होतं.

नंजुंडप्पा हात पुसत आला. दोघं बराच वेळ कन्नडात बोलले. मग पांडुरंगराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आमास्नी वाटलं, अक्का गेल्यावर शेतीचं सगळं सोडलं तुमी. गाडी सुम्ने ठेवून घ्यायची हाय, तिची म्हनून. खाली गाडी फार आदळती, भावजी. नंजुंडप्पा म्हनला, मानूस आदीच हे झालंय, पाठीला तरी दनका नको. म्हनून पाटा काढला."

 त्यांनी खुर्ची पुढे केली, मी बसलो.

एवढ्या महिन्यांत मला कितीतरी लोकांनी धीर दिला होता, आणि त्यातलं काहीच मला लागलं नव्हतं. हे लागलं की नाही तेही मला नक्की सांगता येत नाही. नंजुंडप्पा गाडीखाली शिरला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि मी त्याच्या टाचांच्या भेगांकडे पाहत बसलो होतो.

मग खालूनच त्याचा प्रश्न आला. या वेळी मी पांडुरंगरावांना मध्ये येऊ दिलं नाही. "एष्टु भार?" भार किती?

मला माहीत नव्हतं. पाच सुग्ग्या मी त्या गाडीत शेजारी बसून गेलो आणि मागे किती ओझं असतं ते मी कधी वळून पाहिलं नव्हतं. पुट्टम्माला फोन लावला. तिने एका श्वासात सांगितलं, "पंधरा पोती. वर मी."

"तुम्ही पण?"

"मग मी काय चालत येऊ?"

नंजुंडप्पाने ते ऐकलं आणि गाडीखाली हसला. मग बाहेर येऊन, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून, सगळं पुन्हा समजावलं. तो कन्नडात बोलत होता आणि मी शाळेतल्या मुलासारखा ऐकत होतो. काढलेला पाटा परत, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा जास्त. लांब झुलत्यांनी गाडी नुसती उंच दिसते, भार घेत नाहीत, ते काढायचे. ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून लांब घालायची. उंची दोन इंचांच्या वर न्यायची नाही, नाहीतर वळणावर पोत्यांसकट कलंडेल आणि आरटीओत फिटनेसलाही अडवतील.

टायरचं त्याने मला गाडीच्या मागे उकिडवं बसवून दाखवलं. पाटे गाडीचं पोट उचलतात, आस उचलत नाहीत. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला फक्त टायरच उचलतो. त्याच्याकडे मोठ्या दातांचे रुंद टायर होते, दिसायला फार जोरकस. ते चिखल उकरतात, डांबरावर ओरडतात आणि वळताना मडगार्डला घासतात. दुसरे त्याच रिमवर बसणारे, एक माप उंच, अरुंदच, मध्यम दातांचे. शेतातला वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर उभे राहतात.

"अम्माने हेच सांगितलं होतं का?" मी विचारलं. माझं कन्नड त्या दिवशी कुठून आलं कोण जाणे. "वृंदा. तिने तुम्हाला काही सांगितलं होतं?"

नंजुंडप्पाने आठवून पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते एकदा येऊनही गेलं असावं. "इल्ला, सार," तो म्हणाला. नाही. "येते म्हणाली होती. आली नाही."

मी अरुंद टायर सांगितले. विचार करून सांगितले. पंधरा पोती, पुट्टम्मा, चिखल, चाळीस किलोमीटर डांबर. तिने काय निवडलं असतं हे त्यात नव्हतं. ते ठेवायला कुठे जागाच नव्हती.

"एक सांगतो," पांडुरंगराव म्हणाले. जाताना त्यांनी एक नवी ताडपत्री माझ्या हातात दिली होती. "भाराचे पाटे हायत हे आता. भरली की शिस्तीत जाईल. पन खाली, म्हंजे रिकामी," ते शब्द बदलून हसले, "रिकामी चालवशिला तवा दात सांभाळा."

ते खरं निघालं. वर्षातले साडेअकरा महिने ही गाडी रिकामीच असते. गोकुलमातल्या प्रत्येक गतिरोधकावर ती आदळते आणि पाटे हलत नाहीत, कारण त्यांना हलायला हवं तेवढं वजन वर नसतं. नंजुंडप्पाने गेल्या वर्षी विचारलं, सुग्गीपुरता बसवू आणि मग एक पाटा काढून ठेवू का? मी नको म्हणालो. आदळण्याचं मला काही वाटत नाही. उलट त्यामुळे मी खड्डे पाहून चालवायला शिकलो. एरवी मी रस्ता पाहणारा माणूस नव्हतो.

त्या वर्षी दुसऱ्या खेपेच्या सकाळी आभाळ अगदी खाली उतरलं होतं. वारा पडला होता. खळ्यावर पेंढ्याचा दमट वास असणार, मला आला नाही. आम्ही दोघांनीच पोती चढवली. पुट्टम्मा खांद्यावर घेई, मी खालून नुसता आधार देई. दहाव्या पोत्याला ती म्हणाली, "बाजूला व्हा, तुमच्या आधाराचंच वजन होतंय." पंधराव्या पोत्याला मी वाकून पाहिलं. पाटे कमानीतून सरळ होत आले होते, पण अजून थोडी कमान शिल्लक होती.

ती वर चढून बसली. मी म्हणालो, कालव्यापुरतं उतरा, तेवढाच भार कमी.

"मी उतरून गेले तर तुम्हाला काय कळणार?" ती म्हणाली. "पंधरा पोती आणि मी. असंच सांगितलं होतं ना मिस्त्रीला? चला."

कालव्याजवळ आलो. काँक्रीटच्या कडेला मागच्या वेळचा ओरखडा होता, पांढरा, हातभर लांब. मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, नाक वर झालं, समोर काही काळ नुसतं आभाळ दिसलं. मग नाक उतरलं. आता पोट. मी जबडा घट्ट धरला आणि आवाजाची वाट पाहू लागलो. मागची चाकं चढली. फरशीवर पाणी खालून वाहत असल्याचं ऐकू आलं. मागची चाकं उतरली. गाडी सपाट झाली, आणि मी अजून वाटच पाहत होतो. पाय ब्रेकवर गेला. गाडी रस्त्यावर उभी होती, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, काचेवर पावसाचा एकच थेंब पडला, मग दुसरा.  माझे गाल ओले होते. केव्हापासून, ते कळलं नाही.

टपावर धाडकन थाप पडली.

"यजमानरे! झोपलात का?" पुट्टम्मा वरून ओरडली. "कालवा मागे राहिला. पाऊस आला. अजून पंधरा पोती आहेत, चालवा!"

मी बाहीने तोंड पुसलं आणि क्लच सोडला.